पंडुमाआधीचा आंबा

माझ्या भावानं केरळातल्या मुलीशी लग्न केलं आणि तो तिकडचाच झाला. आधी दुसऱ्याच्या गॅरेजात राबला, मग स्वतःचं टाकलं. लग्नानंतर गावाकडे फिरकला नाही तो नाहीच. माय त्याला कधी रागावली नाही. फोनवर नातीचं तोंड पाहून हसायची आणि फोन बंद झाला की उगाच चूल फुंकत बसायची. यंदा झाडांना कैऱ्या लटकल्या तशी मला म्हणाली, त्याच्याकडे घेऊन चाल.

आमच्याकडे पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा कोणी तोंडात घालत नाही. पंडुम म्हणजे पहिला आंबा देवाला वाहायचा सण. दिवस गाव बसून ठरवतं. तोवर वाऱ्यानं पडलेली कैरीही आम्ही चाखत नाही. आता पोरगा तिकडे पंडुमाआधी आंबा खातो की नाही, एवढंच मायला जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, अगं मग फोनवर विचार की.

"फोनवर कोनीबी नाई म्हनते," माय म्हणाली. "खात अशीन, तर तो आपला राह्यला नाई. मले डोळ्यानं पाह्यचं हाय."

आता हिच्याशी कोण डोकं लावणार! नवऱ्याला घर सांभाळायला सांगितलं, डबे भरले आणि बल्लारपूरहून केरळची गाडी धरली.

खिडकी अर्थातच मायनं बळकावली. वर्धा नदी मागे पडली, तेलंगण लागलं, तरी जंगल तेच. सागवान दिसला की ती मला कोपरानं ढोसायची आणि सांगायची, हा बी आपलाच. सागवान तो, कुठंही सारखाच दिसणार! पण मी हो हो करत होते. मोहाखाली बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या दिसल्या तेव्हा तर ती त्यांना हात करायला लागली. मग जंगल सरलं. गोदावरी आली, पाण्यापेक्षा वाळूच जास्त. पूल काही केल्या संपेना, तेव्हा माय हळूच म्हणाली की पोरगा फारच लांब राहायला गेला.

समोरच्या बाकावर मायच्याच वयाची एक तेलुगू बाई होती. दोघींना एकमेकींचं धड काही कळत नव्हतं, तरी गप्पांना खंड नव्हता. मायनं तिला गेल्या सालच्या मोहाचे लाडू दिले. तिनं आपल्या डब्यातला पिवळा भात मायला वाढला, शेंगदाणे आणि कढीपत्ता घातलेला. माय मिटक्या मारत जेवत होती. मी हात धुऊन परत आले तर मला सांगते, चिंच चांगली टाकली बाईनं. मी डब्यात पाहिलं. चिंच कुठली? भातात कैरीचा ताजा किस होता.

माझं तोंड मेलं फटकळ. "माय, आंबा हाय वो हा," मी म्हणून बसले.

मायचा हात थांबला. त्या बाईला वाईट वाटू नये म्हणून तिनं ताटली हळूच बाकाखाली सरकवली आणि पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी गाडी डोंगरांच्या मधून केरळात शिरली. दोन्हीकडे निळे डोंगर, खाली भाताची हिरवी खाचरं, नारळच नारळ. असं हिरवं मी जन्मात पाहिलं नव्हतं. माय मात्र आपल्या हातांकडे पाहत होती.

"त्याले कोन्या तोंडानं विचारू आता?" एवढंच ती बोलली.

भाऊ स्टेशनावर आला होता. मायच्या पाया पडला, तिचं बोचकं घेतलं, आम्हाला घरी नेलं. भावजयीनं जेवायला वाढलं. मधोमध चिरलेल्या आंब्यांचं ताट होतं आणि नात हनुवटीपर्यंत माखलेली. भावजयीनं आम्हा सगळ्यांना फोडी वाढल्या, भावाला सोडून. मी मुद्दामच विचारलं, याला का नाही? मोडक्या हिंदीत ती म्हणाली की हे आत्ता खात नाहीत. गावच्या दोस्ताला फोन करून विचारत राहतात, तो सण झाला म्हणाला की मगच खातात. तोवर इकडचे आंबे संपत येतात.

भाऊ मान खाली घालून भात कालवत होता.

मायचे डोळे भरून आले. आनंदानं, असं मला वाटलं.

"म्या खाल्ला रे बाबू," ती म्हणाली. "गाडीत. मले समजलंच नाई." मग लाडवांपासून सगळं तिनं त्याला सांगितलं.

भावानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पोरीच्या ताटातली एक फोड उचलली आणि तोंडात टाकली.

मायनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "तू काऊन खाल्ला?"

"तुले एकटी कशी पडू देऊ?" तो म्हणाला.

माय तिथंच, उष्ट्या हातानं त्याला धरून रडायला लागली. आम्ही तिला रडू दिलं.