काचेच्या आतलं बारसं

मागच्या मंगळवारी सकाळी राउंडला सरांनी परत तोच प्रश्न विचारला, "शी झाली का?" मी परत तशीच मान हलवली... नाही.

मी सर्जरीची रेसिडेंट. सध्या कोल्हापुरात लहान मुलांच्या सर्जरीत पोस्टिंग चालू आहे. इथे आल्यापासून माझं अर्धं सुखदुःख दुसऱ्यांच्या डायपरवर अवलंबून आहे. घरी फोनवरही तोच विषय निघतो आणि आई म्हणते, "जेवतेय गं मी!"

तर सर जिची चौकशी करत होते, ती ही तान्ही मुलगी बिद्रीकडची. (घरच्यांना विचारूनच लिहितेय.) जन्मतःच आतडं एका जागी बंद होतं, दूध पुढे जायला वाटच नाही. सरांनी बंद तुकडा काढून दोन्ही टोकं जोडली. मी समोर उभी राहून ते आतडं धरलं होतं... माझ्या करंगळीपेक्षाही बारीक.

वाट मोकळी झाली का, हे शी झाल्यावरच कळणार होतं. ती होत नव्हती आणि नाकातून पोटात घातलेल्या नळीतून हिरवं पाणी येतच होतं. सर म्हणाले, उद्यापर्यंत बघू, नाहीतर परत पोट उघडावं लागेल. एवढ्याशा जिवाला परत टेबलावर घेण्यात काय धोका आहे, हे तिच्या आईला, रूपालीताईंना, सांगायचं काम माझ्याकडे आलं.

रूपालीताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मॅडम, आज बारावा दिवस हाय. हिचं बारसं करायचं हाय."

मी मुळातच तापट... माझं डोकंच फिरलं. एनआयसीयूत आईशिवाय कुणाला सोडत नाहीत, बाळाला नळ्या लावलेल्या, आणि यांना बारसं सुचतंय! म्हटलं, घरी गेल्यावर करा की धूमधडाक्यात.

"घरी न्यायला मिळंल का न्हाय, कुणाला ठावं," त्या शांतपणे म्हणाल्या. "उद्या परत आपरेशनला नेलंसा, तर माझी पोर बिननावाची जायला नको. नणंदंला आत सोडत न्हाईत. तुमीच आत्या व्हा की."

नाव विचारायला मी बाहेर गेले.

खरी आत्या बाहेर जिन्याजवळ आजीबरोबर बसून होती. या आत्याबाईंचा आवाज दोन मजल्यांना पुरेल असा. पण त्यांनी मला खाली वाकवलं आणि अगदी हळू कानात नाव सांगितलं. वर दम दिला, "बाळाच्या आदी कुणाला सांगायचं न्हाय. तिच्या आईला बी न्हाय!"

मी वळते तोच पाठीत दणकून धपाटा बसला. आजी! "आत्याच्या पाठीत घालाय लागतंय. आत कोण घालणार तुमास्नी?" ऍडव्हान्समध्ये धपाटा खाऊन मी आत गेले...

हात धुतले, गाऊन घातला, मास्क नीट केला. बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरवर वाकले आणि तिच्या कानाशी "कुर्रर्र" केलं. मास्कमधून ते फारच विचित्र ऐकू आलं असणार. मग नाव सांगितलं... राजनंदिनी.

वजन दोन किलोच्या आत आणि नाव एवढं भारदस्त! रूपालीताईंनी ते एकदा म्हणून बघितलं, परत म्हटलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडल्या. सिस्टर उगाच सलाईन बघत बसल्या. माझंही काही वेगळं नव्हतं.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. हिरवं पाणी येतच राहिलं. दिवसभर मी काहीतरी निमित्त काढून आत जायचे आणि डायपर उघडून बघायचे... कोरडा.

दुसऱ्या दिवशी राउंडच्या आधीच सिस्टरांची हाक आली, "डॉक्टर, लवकर या!" धावत गेले. डायपरवर हिरवट काळा, छोटासा डाग होता. खरं सांगते, एमबीबीएसचा रिझल्ट लागला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. सरांनी पोटाला हात लावून बघितलं, हसले आणि म्हणाले, "नाही उघडायचं आता."

मी बाहेर जाऊन सांगितलं मात्र... आत्याबाईंनी अख्खा मजला डोक्यावर घेतला. "आमच्या राजनंदिनीला शी झाली वो ऽऽ!" बाहेर बसलेल्या सगळ्या अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचीही बाळं आतच होती.

आता ती बोंडल्याने दूध पिते. थेंब थेंब, पण पिते. मध्येच भोकाड पसरते आणि आवाज थेट खऱ्या आत्यावर गेलाय.

पेशंटमध्ये फार गुंतायचं नाही, असं आम्हाला शिकवतात आणि ते बरोबरच आहे. पुढे सर्जन होईन, पुष्कळ पोटं उघडीन आणि शिवीन. पण या मुलीने स्वतःचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या तोंडून...

रूपालीताई, तुमच्या आयुष्यातल्या सगळ्यात भीतीच्या दिवशी तुम्ही हा मान मला दिलात. मला तो जन्मभर पुरेल.