निपाणीहून आलेला ट्रंक कॉल

निपाणीच्या मोटार स्टँडवर आबा मला पोचवायला आले. ट्रंक टपावर चढवली, कंडक्टरला दोनदा बजावलं, "पोरगी एकटी हाय, बेळगावात रेल्वेत बसवून द्या," आणि पाठ फिरवून तंबाखूच्या वखारीकडे चालू लागले. शकू, तू तेवढी खिडकीला लटकलीस. "अक्का, माझी मॅट्रिक झाली की मला नेशील न्हवं?" नेईन म्हटलं. तुझ्या गळ्याची शपथ घेऊन म्हटलं.

सगळं खूळ भरवलं ते उरुसात आलेल्या तंबूतल्या सिनेमानं. त्यातली नायिका टेलिफोन ऑपरेटर. एका कॉलवर तिला कुणाचा तरी डाव ऐकू येतो, ती खुर्ची ढकलून धावत सुटते आणि एका पोरीचा जीव वाचवते. तीन दिवस आपण तोच खेळ पाहिला. बाई खुर्चीवर बसून पगार घेते आणि "ऊठ, चहा टाक" असं तिला कुणी म्हणत नाही, हे आपण जन्मात पहिल्यांदा बघत होतो. नेमकं तेव्हाच मला ते चाळिशीतल्या बिजवराचं स्थळ सांगून आलं होतं. मी अन्न सोडलं, रडून घर डोक्यावर घेतलं. बेंगळूरच्या मामांनी तिथल्या टेलिफोन ऑफिसच्या अर्जाचा कागद धाडला. मॅट्रिक होते, मराठी-कानडी दोन्ही येत होतं, नोकरी लागली.

सिनेमात जे दाखवलं नव्हतं ते इथे आल्यावर कळलं. मोरीत जायचं तर शाळेतल्यासारखा हात वर करायचा. हेडफोननं कानामागे फोड यायचे. माझं निपाणीचं कानडी ऐकून इथल्या मुली फिदीफिदी हसायच्या. "स्वल्प इरी," म्हणजे जरा थांबा, हे दिवसातून शंभरदा म्हणायचं. आणि पाठीमागे फेऱ्या घालणारी सुपरवायझर मिस. कॉल जोडला, बोलणं सुरू झालं, की समोरची की, म्हणजे ऐकायचा खटका, बंद करायची. ऐकत बसलेली मुलगी सापडली की घरी.

तरी सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघीजणी मॅटिनीला जायचोच. नर्स, मास्तरीण, टायपिस्ट, कुठलीही कामाला जाणारी बाई पडद्यावर असली की झालं. शेवटी तिचं लग्न होणार आणि खुर्ची रिकामी पडणार हे ठरलेलंच, म्हणून सनई वाजायच्या आधीच आम्ही उठायचो. "सरी, नडी, चला, संपली हिची नोकरी," असं म्हणत मागच्यांच्या शिव्या खात बाहेर यायचो. तुला पत्रात ही गंमत लिहायची, फोडांचं कधी लिहिलं नाही. तू यावंस असं मला फार वाटत होतं गं.

माझं प्रोबेशन संपायला तीन आठवडे होते. गुरुवारी दुपारी हुबळीची लाइन आली. तिकडची ऑपरेटर म्हणाली, निपाणीहून पीपी कॉल आहे. पीपी म्हणजे ठरावीक माणसाशीच बोलायचं असतं. तिनं नाव दिलं ते आपल्या मामांचं, नंबर त्यांच्या भुसार दुकानाचा. आबांनी जन्मात कधी फोन केला नव्हता. कुणीतरी गेलं असंच वाटलं. मी जोडून दिलं आणि की बंद केली नाही.

आबा ओरडून बोलत होते. "रविवारचा मुहूर्त हाय, शकूचा. मामानंच बोहल्यावर आणायची, म्हणून तुम्ही पायजेच."

मामांनी स्थळ विचारलं.

"तोच, मंगलला सांगून आलेला. त्याला घाई हाय."

"आणि पोरगी काय म्हणते?"

"दोन दिस जेवली न्हाई. जेवंल. मंगलला मातर कळवू नका. ती येऊन मोडता घालंल."

हुबळीच्या कॉलची वेळ आमच्याकडेच बघायची असे. मिस माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते रोजचंच: "थ्री मिनिट्स, प्लीज."

"झालं बाई, झालं," आबा म्हणाले. त्यांनी माझा आवाज ओळखला नाही. मी बोर्डातली दोरी ओढून लाइन तोडली.

मी राहायला मामांकडेच होते. रात्री ते मला म्हणाले, चिक्कोडीला दुकानाचं काम आहे, जाऊन येतो. मामीला त्यांच्या पिशवीत धोतरांखाली नवं लुगडं ठेवताना मी पाहिलं. शनिवारी त्यांची पिशवी धरून मी यशवंतपूर स्टेशनवर गेले. डब्यात जागा होती. मला चढता आलं असतं.

नोकरी जाईल ही भीती होतीच, पण खरं कारण ते नव्हे. गावी गेले तर तो माणूस माझ्याच गळ्यात बांधतील असं वाटलं. तू नाही तर मी, असं होतं ते. आणि मी तुला पुढे केलं.

दिवाळीत आबांबरोबर तुझ्या सासरी आले, तेव्हा तू दोन सावत्र पोरांची न्हाणी उरकत होतीस. आबांच्या तोंडावर म्हणालीस, "अक्काला कळलं असतं तर ती आलीच असती. तुम्ही तिला फसवलंत." तेव्हापासून त्यांच्याशी बोलली नाहीस. ते गेले तेव्हाही तोंड बघायला आली नाहीस. तू ते बोललीस तेव्हा मी तिथेच अंगणात उभी होते, आणि खरं सांगितलं नाही.

आता मीच सुपरवायझर आहे. मल्लेश्वरात स्वतःची खोली आहे, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी आहे. गाव सोडून आलेल्या नव्या मुली विचारतात, "अक्का, तुमचं घर कुठलं?" निपाणीचं घर विकून झालं. मला घर उरलंय ते एवढंच, की तुझा माझ्यावर विश्वास आहे. त्या घरात मी इतकी वर्षं चोरासारखी राहते आहे.

शकू, मला तीन दिवस आधी कळलं होतं. आबांनी लपवलं खरं, पण मी फसले नव्हते. त्यांचं सुतक तू धरलं नाहीस, जमलं तर आता धर.