सुरईचा कान आणि समुद्राची रेघ

मेनिल गावच्या समुद्राकडच्या कड्यावर सिनेमासाठी जेवणाचं टेबल मांडायचं ठरलं, तेव्हा जमिनीची मालकीण ओर्तांसमावशी म्हणाली, "मांडा की खुशाल. पण माझ्या मेंढ्या महिनाभर त्या टोकाकडे फिरकत नाहीत, तेवढं सांगून ठेवते."

"मेंढ्यांना सिनेमातलं काय कळतंय, मावशी?" ऑनोरे फ्लामाँ म्हणाला, आणि सगळे हसले.

मार्सलीनही हसली. ऑनोरेच्या विनोदावर हसायची तिला शाळेपासूनची सवय होती. पण हसता हसता तिने टोकाकडे पाहिलं. तिथलं गवत खरंच गुडघाभर वाढलेलं होतं आणि त्याला कोणी तोंड लावलेलं नव्हतं.

ऑनोरे हा कुलपं करणाऱ्याचा मुलगा. पिकार्दीच्या आमच्या या किनाऱ्यावर तेव्हा घरटी एकजण तरी कुलपांच्या कारखान्यात असायचाच. बापाने पोराला कानस धरायला शिकवलं, आणि पोराने काय करावं? नुसतं एक दार केलं. भिंत नाही, घर नाही, दार तेवढं. त्याला वरपासून खालपर्यंत कुलपं ठोकली आणि बाजाराच्या दिवशी चौकात उभं केलं. लोक वेड्यासारखे रांग लावून एकेक कुलूप उघडायचे, दारातून पलीकडे जायचे, आणि मागे वळून बघायचे, की आपण नक्की कुठे आलो. बाप कपाळाला हात लावून म्हणाला, "हा उपाशी मरणार."

त्या रांगेत मार्सलीनही होती. तिचा नंबर आला तेव्हा ती म्हणाली, "मागच्या बाजाराला हे पितळी कुलूप वर होतं. आज खाली आलंय."

ऑनोरे तिच्याकडे बघतच राहिला. एवढ्या गर्दीत ते कोणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. पुढे तो पॅरिसला गेला, सिनेमा करायला लागला, तेव्हा त्याने पहिलं बोलावणं तिला धाडलं. कंटिन्युइटी सांभाळायची. म्हणजे कालच्या शॉटमध्ये गड्याच्या कोटाचं बटण उघडं असेल तर आजही ते उघडंच हवं, मेणबत्ती जेवढी जळलेली होती तेवढीच जळलेली हवी. ऑनोरे कोणाचं ऐकत नसे, पैसे देणाऱ्याचं तर नाहीच नाही. मार्सलीनने "जुळत नाही" म्हटलं की मात्र तो अख्खं काम थांबवायचा. शॉट लावून झाला की तिच्याकडे बघून हात वर करायचा आणि विचारायचा, "जुळलं का?" तिने "जुळलं" म्हटल्याशिवाय त्याचा कॅमेरा फिरला नाही.

पॅरिसने त्याला आधी डोक्यावर घेतलं. लोकांच्या सावल्यांची मापं घेऊन त्यांना कोट शिवणारा शिंपी त्याने दाखवला. रजेवर गेलेली नदी दाखवली, जिच्यावाचून पूल बिचारा बेकार होऊन बसतो. पेपरवाल्यांनी लिहिलं की हा माणूस कधी मोठा होऊ नये. तो झालाही नाही. मग त्याच पेपरवाल्यांना त्याचा कंटाळा आला. मोठं न होणारं मूल पाहुण्यांना घटकाभरच गोड वाटतं. नंतरची काही वर्षं त्याने बिस्किटांच्या जाहिराती केल्या. बिस्किटं छत्र्या घेऊन चालायची. ती पाहून मार्सलीनला रडू यायचं.

पण त्याच्या गमतीत दुसरंही काहीतरी होतं, आणि ते मार्सलीन जाणून होती. ऑनोरेला नकली काही चालायचं नाही. जिना कोसळायचा तर तो खराच कोसळायला हवा. एका सिनेमात असा जिना खरोखर कोसळला आणि नटाचा पाय मोडला. ऑनोरे फुलं घेऊन दवाखान्यात गेला, त्याच्या उशाशी बसून डोळे पुसले, आणि निघताना म्हणाला, "तू ओरडलास ना, ते छान होतं. आवाजासाठी पुन्हा एकदा ओरडशील?" नट हसला. ऑनोरेवर रागावणं कोणाला जमतच नसे, आणि मार्सलीनला त्याचीच भीती वाटायची.

शेवटी पॅरिसमधले पैसे देणारे संपले, तसा तो मेनिलला परतला. कारखाना बंद पडला होता. बापाच्या कोंदट दुकानात बसून त्याने नवा सिनेमा लिहिला: बंद कारखान्यातले म्हातारे कामगार कड्यावर शेवटचं जेवायला जमतात. टेबलावर सूपचं मोठं भांडं आपोआप सरकत एकेकापुढे जातं, आणि ते शेवटच्या माणसापुढे पोहोचतं त्या क्षणी मावळता सूर्य त्या भांड्यात बुडतो. जेवणारे म्हणजे गावातलेच खरे म्हातारे. भांडं सरकवायला टेबलाखाली एक हँडल होतं, आणि ते फिरवायला एलुआ.

एलुआ मार्सलीनचा नवरा. सुतारकाम, रूळ टाकणं, दोर ओढणं, सेटवरचं सगळं ओझं त्याच्या अंगावर. टेबलाला जमिनीपर्यंत पांढरी चादर होती. शॉट चालू असेपर्यंत तो त्या चादरीच्या आत पोटावर पडून राहणार होता, कड्याच्या टोकाशी, बाहेरचं काहीही न दिसता.

कॅमेरा मागे, बांधाजवळ. तिथून टेबलापर्यंत पाहुण्यांना चालत जायला लांबलचक पट्ट्यापट्ट्यांचा गालिचा अंथरला होता. पहिल्या संध्याकाळी सगळं मांडून झालं, पाहुणे बसले, तसा मार्सलीनने मोठ्या कॅमेऱ्याच्या जागेवरूनच, लगेच फोटो हातात देणाऱ्या आपल्या छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढला. टेबलाच्या मधोमध बाजूला धरायचा कान असलेली पांढरी सुरई होती. मोठ्या कॅमेऱ्यातून बघितलं की समुद्राची आभाळाला भिडणारी रेघ बरोबर सुरईच्या कानाच्या खालच्या टोकाला टेकत होती.

सूर्य खाली आला, आणि ऐनवेळी ढग आला.

"उद्या!" ऑनोरे ओरडला. "एक चमचासुद्धा हलवायचा नाही!" टेबलावर ताडपत्री टाकली आणि सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मार्सलीनने फोटो हातात धरून कॅमेऱ्यातून पाहिलं. "जुळत नाही. रेघ कानाच्या मध्यावर आलीये. टेबल खाली गेलंय."

"पाय रुतले असतील," एलुआ म्हणाला. "पावसाने माती भुसभुशीत झालीये." त्याने टेबलाच्या पायांखाली लाकडी पाचरी सरकवल्या, टेबल उचललं गेलं, रेघ पुन्हा कानाच्या टोकाला आली. "जुळलं," मार्सलीन म्हणाली. त्या संध्याकाळी धुकं आलं.

त्या दिवशी जाता जाता ओर्तांसमावशीने तिला गाठलं. "अगं, काटेरी झुडपापलीकडे जमीन फाटलीये. बोट जातंय आत. त्या येड्याला सांग."

मार्सलीनने सगळ्यांसमोर सांगितलं. ऑनोरेने गंभीर चेहरा केला, टोकापर्यंत गेला, वाकून जमिनीला कान लावला आणि म्हणाला, "म्हणतेय की पोटात काही नाही, सूप लवकर आणा!" म्हातारे खो खो हसले. फर्नां नावाचा त्यांच्यातला एक थोराड गडी उठला आणि म्हणाला, "बघूया तरी किती पक्की आहे!" बघता बघता सगळे एकमेकांचे हात धरून त्या टोकावर उड्या मारायला लागले, लग्नात नाचतात तसे. ऑनोरे टाळ्या वाजवत होता. आपण बोललो नसतो तर हे नाचले नसते, एवढंच मार्सलीनला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी आभाळ लख्ख होतं. रेघ पुन्हा वर चढलेली होती, या वेळी कानाच्या वरच्या टोकापर्यंत. एलुआने आणखी पाचरी घातल्या. पाहुणे बसले.

"ए ऑनोरे," फर्नां कुरकुरला, "मी लहान पोर आहे का? टेबल माझ्या हनुवटीला लागतंय!"

"तू म्हातारपणी आटलास," शेजारचा म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला.

मार्सलीन हसली नाही. ती फोटोकडे बघत होती. फोटोत फर्नांची छाती टेबलाच्या वर होती. नुसते टेबलाचे पाय रुतले असते, तर पाचरी घालून टेबल पहिल्याइतकंच व्हायला हवं होतं. ते खुर्च्यांपेक्षा उंच झालं होतं. म्हणजे खुर्च्याही खाली गेल्या होत्या, माणसंही खाली गेली होती. आणि ती दोन दिवस फोटो बघून "जुळलं, जुळलं" म्हणत होती.

ती गालिच्याजवळ वाकली आणि तिने कड उचलली. खाली जमिनीला पायरी पडली होती. सगळा कडाच खडूच्या मऊ दगडाचा, त्याची पांढरीशुभ्र ताजी पायरी. तिने भेगेत हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला आणि आतून गार वारा आला.

तिने गालिचा हळूच खाली सोडला. ओरडावं तर हे पुन्हा नाचतील. एलुआ चादरीच्या आत होता. सूर्य खाली उतरत होता, आणि ऑनोरेने तिच्याकडे बघून हात वर केला.

"जुळलं का?"

"नाही," मार्सलीन म्हणाली. तिने फोटोवर बोट ठेवलं. "कोट चुकलेत सगळ्यांचे. सगळ्यांनी उठा, बांधावर या. एकेकजण या, गवत तुडवू नका. एलुआ, तूही ये, तुझं हँडल वाजतंय."

इतक्या वर्षांत सेटवर ती एकदाही खोटं बोलली नव्हती. ऑनोरेने एक शिवी हासडली, पण लगेच म्हणाला, "उठा रे! बाई म्हणते म्हणजे चुकलंय." म्हातारे कुरकुरत एकेक करून गालिच्यावरून बांधावर आले. सगळ्यांत शेवटी एलुआ आला, गुडघे झटकत. मार्सलीनने त्याच्या बाहीला धरलं ते सोडलंच नाही.

ऑनोरेने तिच्या हातातून फोटो ओढून घेतला, फोटोकडे पाहिलं, म्हाताऱ्यांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"कोट तर तेच आहेत."

"ऑनोरे, ऐक. जमीन फाटलीये. गालिच्याखाली बघ. मी हात घालून आलेय."

"खोटारडे!" तो आनंदाने ओरडला. "मार्सलीन खोटं बोलली! अरे ऐका, आज मार्सलीन खोटं बोलली!"

"ते खोटं होतं, हे खरं आहे! तुझ्या आईची शपथ, ऑनोरे, खरं आहे!"

"शॉट चुकवायला एवढी मोठी थाप! शाब्बास, माझ्याकडूनच शिकलीस." त्याने कॅमेऱ्याला डोळा लावला. "आणि बघ, खरी चूक राहिलीच. रेघ वर आलीये पुन्हा." तो कॅमेरामनला म्हणाला, "चालू ठेव. सूर्य थांबणार नाही." कॅमेरा घरघरायला लागला. ऑनोरेने पाचर उचलली आणि गालिच्यावरून चालायला लागला. मार्सलीन मागे धावली, तर एलुआने तिला कमरेला धरून मागे खेचलं. एकट्या एलुआलाच दिसत होतं की गालिचा मध्येच ताणला जातोय.

कडा कोसळला तेव्हा आवाज नंतर आला. आधी नुसतं टेबलच नव्हतं, आणि ऑनोरेही नव्हता.

चार दिवसांनी ऑनोरे सापडला, ओहोटीला, खडूच्या ढिगाखाली. पॅरिसच्या पेपरांनी त्याच्यावर गोड गोड लिहिलं. तो कायमच मूल राहिला, असं.

फिल्म वाचली होती. या सिनेमाला थोडेफार पैसे देणाऱ्यांना ती बघायची होती, आणि मार्सलीनशिवाय ती मशीनवर लावायला कोणी धजेना. एलुआबरोबर ती लहानशा अंधाऱ्या खोलीत बसली. पडद्यावर रिकाम्या खुर्च्या, पांढरी चादर, सुरई. ऑनोरे पाठमोरा चालत गेला, गुडघ्यावर बसला, टेबलाच्या पायाखाली पाचर ठोकली. सुरई हळूच वर आली. सूर्य सूपच्या भांड्याच्या काठाला टेकला होता. मग तो उठला, कॅमेऱ्याकडे वळला, आणि त्याने हात वर केला. त्याचे ओठ हलले. तो थांबला होता. उत्तर मिळेपर्यंत तो तसाच उभा राहणार होता, आणि त्या दिवशी बांधावरून नुसत्या किंकाळ्या येत होत्या.

मार्सलीनने पडद्याकडे बघितलं. समुद्राची रेघ सुरईच्या कानाच्या खालच्या टोकाला टेकली होती.

"जुळलं रे," ती रडत रडत म्हणाली. "जुळलं, ये आता मागे."