खडकापासची पहिली पट्टी

आमच्या घराण्यात रक्त पटकन तापतं. वडिलांचं तापायचं, काकांचं तापायचं, आणि माझं तर विचारूच नका. दिवेआगरची वाडी दोघा भावांत निम्मी करायची ठरली, तेव्हा आईने मोजणीच्या आदल्या दिवशीच घरातले कोयते लपवून ठेवले.

वाडीच्या एका अंगाला सरळ पायवाट, दुसऱ्या अंगाला खाडीचा वाकडा काठ. दोन्ही एका काळ्या खडकापाशी मिळायची. खडकाकडचा भाग आमचा, पलीकडचा काकांचा, हे आधीच ठरलेलं. मधली हद्द कुठे टाकायची, एवढंच मोजायचं होतं. पंचांनी पायवाटेला काटकोनात दोऱ्या धरून पट्ट्या पाडल्या, काठावरची टोकं सरळ जोडली, बेरीज केली आणि खुंटी ठोकली. रहाटाची विहीर जेमतेम आमच्याकडे आली. त्या विहिरीवरच आमच्या पोफळी जगत होत्या.

काका म्हणाले, "खडकापाशी काहीतरी गडबड आहे, दादा. पुन्हा मोजू."

"मला चोर म्हणतोस?" वडिलांनी हातातला बांबूच त्यांच्या खांद्यावर घातला. काकांनी त्यांना मातीत लोळवलं. एक पंच सोडवायला गेले, तर त्यांचाच दात पडला.

मी तेव्हा मुंबईत कॉलेजात गणित शिकत होतो, दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेला. काका खरं बोलत होते आणि पहिला मारही त्यांनीच खाल्ला होता. माझं डोकंच फिरलं. "अरे, थांबा!" मी ओरडलो. "काकांचं बरोबर आहे!"

खडकापाशी तो काठ पायवाटेवरून भिंतीसारखा उभा निघतो आणि मग हळूहळू कलत जातो. थेट वर्गमुळाचा वक्र! सरळ दोरी बाकी सगळीकडे काठाला चिकटून बसते, पण पहिल्या पट्टीत काठ दोरीच्या बराच बाहेर फुगतो आणि तेवढी जमीन हिशेबातून गळते. पट्ट्या बारीक करा, बाकीची चूक झरझर ओसरते, ही मात्र हटता हटत नाही. उपाय सोपा होता. पट्ट्या पायवाटेला समांतर पाडायच्या. त्या बाजूने पाहिलं की वर्गमुळाचा वर्ग होतो. तोच काठ गुळगुळीत, कुठेच उभा राहत नाही. आमची बाजू कमी मोजली गेली होती, म्हणजे आम्हाला जमीन जास्त मिळाली होती.

पंचांनी तसं मोजलं. खुंटी खडकाकडे सरकली. विहीर काकांकडे गेली.

वडिलांनी रहाटाचा दोर उचलला आणि मला सगळ्यांदेखत झोडपलं. "घरभेद्या! बापाची विहीर त्याच्या घशात घालायला शिकवलं तुला?" कानातून रक्त आलं तरी मी आपला म्हणतोच आहे, "पण उत्तर बरोबर आहे!" काका बाजूला उभे राहून खदखदा हसत होते. त्यांचाही गळा धरावासा वाटला मला.

चैत्रात काकांनी आमचं पाणी तोडलं. वडील भांडायला गेले ते मोडका हात घेऊन परत आले. पोफळी शेंड्यापासून पिवळ्या पडत गेल्या. परीक्षा देऊन मी घरी पोचलो तेव्हा घशाला कोरड पडली होती. आई लांबच्या तळ्यावरून घागर घेऊन नुकतीच ओटीवर टेकली होती. मी म्हटलं, "आई, पाणी दे ग."

जन्मात तिने मला बोट लावलं नव्हतं. ती उठली आणि फाडकन माझ्या मुस्काटात दिली.

"उत्तर बरोबर होतं ना तुझं? मग तेच पी."