तक्रार नाही

आमच्या लिफ्टच्या कंपनीत प्रतिभाताई देवरे नेमकं काय करतात, हे कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. मी मेकॅनिक. माझे हात काळे झाले म्हणजे काम झालं, इतका सरळ हिशेब. ताई दिवसभर चार ओळी लिहितात, त्यातल्या तीन खोडतात आणि दमून घरी जातात.

झालं असं, की कंपनीने एआय एजंट आणला. कुठे लिफ्ट अडकली की नंतरची सगळी कामं तो पाहतो. मेकॅनिक पाठवणं, सुटा भाग मागवणं, अडकलेल्या माणसाला फोन करणं, शेवटी काम बंद करणं. या प्रत्येकासाठी त्याच्याकडे एकेक साधन आहे, आणि ते कधी वापरायचं, कधी नाही, हे शब्दांत लिहून द्यावं लागतं. ते लिहितात ताई. एजंट पक्का सांगकाम्या. सुरुवातीला त्याने एकाच दरवाजासाठी तीन सेन्सर मागवले होते. मग ताईंनी ओळ घातली, 'आधी मागवलेला आहे का ते पाहा, मगच मागवा.' तेव्हापासून शहाणा झाला बेटा.

ताईंचे यजमान गेले, मुलगी सायली कॅनडात. पाथर्डी फाट्याला फ्लॅट आहे, तिथे त्या एकट्या. एकटीपुरती भाजी करणं त्यांना अजून जमत नाही, त्यामुळे रोज माझी चंगळ होते. रविवार आवडत नाही, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. एवढंच.

गेल्या महिन्यात गंगापूर रोडच्या एका इमारतीत मी तेलपाणी करायला गेलो. तिथला वॉचमन वसीम म्हणाला, "लिफ्ट मस्त चालतेय, भिकाभाऊ. पण पाचव्या मजल्यावरच्या नवसाबाई आजी खाली येतच नाहीत. त्या अडकल्या होत्या ना, तेव्हापासून."

जेवताना मी हे ताईंना सांगितलं. त्यांनी लगेच नोंद उघडली. आजींना फोन लावला होता, उचलला नव्हता. मग पुन्हा तक्रार आली नाही, म्हणून एजंटने शेरा मारला होता, 'तक्रार नाही. काम बंद.' त्याचं तरी काय चुकलं? ताईंनीच लिहिलं होतं, की पुन्हा तक्रार नसेल तर काम बंद करावं. आता जी बाई लिफ्टमध्ये पाऊलच टाकत नाही, ती तक्रार कशाची करणार?

ताईंचा घास हातातच राहिला. डबा तसाच ठेवून त्या लिहायला बसल्या. 'तक्रार आली नाही, एवढ्यावर काम बंद करण्याचं साधन वापरू नये. अडकलेल्या व्यक्तीशी बोलणं झालेलं असावं. ती पुन्हा लिफ्ट वापरते का, हे विचारलेलं असावं. फोन लागत नसेल तर काम उघडं ठेवून माणसाकडे सोपवावं.' आमचे मॅनेजर महेश साहेब म्हणाले, फार लांबलं. ताईंनी एक शब्दही कमी केला नाही.

मग संध्याकाळी पर्स उचलून मला म्हणाल्या, "लिहून झालं, पण आजी अजून वरच आहेत. चल."

नवसाबाई नामपूरच्या. मुलगा पुण्याला, गुडघे गेलेले, त्यामुळे जिना बंद. संध्याकाळी फाटकाशी एक भाजीवाली यायची, त्यांच्याच बाजूची. तिच्याशी अहिराणीत बोलायचं, हीच आजींची दिवसाची कमाई. आता दूध वसीम आणून देत होता आणि बोलायला भिंती होत्या. मला मुलाचा भयंकर राग आला, पण तो समोर नव्हता.

"माले भ्या वाटस," आजी दारातूनच म्हणाल्या.

ताईंनी समजावलं नाही, की लिफ्ट सुरक्षित आहे वगैरे. नुसता हात पुढे केला. बऱ्याच वेळाने आजींनी तो धरला, असा घट्ट, की ताईंच्या बांगड्या रुतल्या. मी बटण दाबलं. दार लागलं तसे आजींनी डोळे मिटले आणि भीती मारायला बोलत सुटल्या.

"तुन्हा घरमा कोन शे, माय?"

"कुणी नाही. मुलगी परदेशात असते."

"मंग तुले कोन विचारस?"

"माझी काही तक्रार नाही, आजी," ताई हसून म्हणाल्या.

लिफ्ट खाली टेकली. दार उघडलं. समोर फाटक, फाटकाशी भाजीची गाडी. पण आजी बाहेर पडेनात. डोळे उघडून त्या ताईंकडे बघत राहिल्या.

"तक्रार तं मनी बी नव्हती, माय."

ताईंना एकदम रडू फुटलं. इतकी वर्षं शेजारी बसून जेवतोय, पण त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. आजींनी हात सोडला नाही. तशाच त्यांना ओढत गाडीपाशी घेऊन गेल्या आणि भाजीवालीला म्हणाल्या, ही रविवारी येणार आहे, हिच्यासाठी मेथी ठेव.