टाकीखालचे तीन ठिपके

माझ्या पुढच्या खोलीत सतरा बत्त्या आणि नऊ स्टोव्ह आहेत. सगळे जुने, बहुतेक फौजेच्या छावण्यांतून मोडीत निघालेले. पाहुणे आले की मी एकेक खाली काढतो. ही तंबूत टांगायची, हिची काच अभ्रकाची, हा स्टोव्ह घडी घालून पत्र्याच्या डबीत बसतो. लोक कौतुक करतात आणि मला ते आवडतं.

अठरावी बत्ती मी दाखवत नाही. ती खालच्या फळीवर फडक्यात बांधलेली आहे. कुणी विचारलंच तर सांगतो, "ती गळते. एका मित्राने दगा दिला, त्याची आठवण." बायकोलाही लग्न झाल्यापासून हेच सांगत आलो. न पाहिलेल्या त्या माणसाला ती बिचारी कालपर्यंत नावं ठेवत होती.

परवा जावई म्हणाले, "बाबा, ती बांधलेली बत्ती मी दुरुस्त करून बघू का? हवा भरून बघायला काय हरकत आहे?" मी एकदम ओरडलो. जावयावर ओरडलो, म्हणून मुलगी रुसली. रागाचं कारण सांगता येईना. ते इथे सांगतो.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला मी श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होतो. तो मित्र तिथेच वर्कशॉपमध्ये फिटर. आम्ही दोघे कर्जत तालुक्यातल्या एकाच गावचे. आमची शेती गावाला लागून, त्याचं घर ओढ्यापलीकडे. त्याच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आम्ही दोघे प्राथमिक शाळेत होतो. गावात आम्ही एकमेकांच्या घरी फारसे गेलो नव्हतो. कारखान्यावर मात्र एकाच चाळीत राहिलो, एकाच ताटात जेवलो. गावापासून लांब असलं की असं सोपं जातं. हे मी तेव्हा मोठेपणाने सांगायचो.

बत्त्यांचा नाद आधी मला लागला, पण हात त्याचा होता. सुट्टीच्या दिवशी आम्ही एस.टी.ने नगरला जायचो. भिंगारच्या कॅम्पाजवळ फौजेचा लिलावातला माल विकणारे बसत. फाटके तंबू, बूट, पाण्याच्या बाटल्या आणि त्यांच्या ढिगात दबलेल्या बत्त्या. येताना एक माझ्या मांडीवर, एक त्याच्या. एस.टी.तली माणसं विचारायची, "कुणाची वरात हाय रं?" तो म्हणायचा, "याची. नवरी तेवढी मिळंना."

ती बत्ती अशीच मिळाली. पितळी, पोटाशी रुंद, टोपीवर निळ्या मिन्याचा तुकडा शिल्लक राहिलेला. टाकीच्या बुडाला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. विकणारा म्हणाला, घंटा करा तिची. माझ्या मित्राने ती उलटी धरून उजेडाकडे बघितली, भोकातून आलेला किरण तळहातावर घेतला आणि म्हणाला, "ही जगती."

येताना ती त्याच्या मांडीवर होती. हे लक्षात ठेवा. मी विसरल्याचं सोंग केलं, ते पुढे येईल.

तीन महिने आम्ही तिच्यामागे होतो. मी चिंचेने पितळ उजळलं, पंपाचं कातडी वॉशर गोडेतेलात भिजत घातलं, जुन्या मालातून काच शोधली. त्याने भोकावर कथील वितळवून डाग दिला, इतका सफाईदार की बोट फिरवलं तरी कळू नये. मग हवा भरून टाकी बादलीत बुडवली. एकही बुडबुडा आला नाही. तेव्हा त्याने पंच आणि हातोडी घेऊन बुडावर डागाभोवती तीन ठिपके ठोकले, चुलीच्या तीन दगडांसारखे.

असे ठिपके तो प्रत्येक कामावर ठोकायचा. सुट्टीला गावी गेला की लोक स्टोव्ह घेऊन त्याच्या दारात यायचे. आमच्या गावातल्या निम्म्या स्टोव्हखाली ते तीन ठिपके होते.

"सही केलीस?" मी म्हणालो.

"तसंच समज."

मी हसलो, पण मनात टोचलं. काम दोघांचं आणि खूण एकट्याची. आज उघड लिहितो: पुढे कानस माझ्या हातात सहज आली, ती या टोचण्यामुळे. चुलत्यांनी तर नुसतं निमित्त दिलं.

दुष्काळातला चैत्र होता. विहिरी आटलेल्या, माणसं खडी फोडायच्या कामावर. त्या वर्षी यात्रेला भाड्याच्या बत्त्या आणायच्या नाहीत असं गावाने ठरवलं आणि पालखीपुढे धरायला माझी बत्ती मागितली. यात्रेचं सगळं माझ्या थोरल्या चुलत्यांकडे असे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

मी मित्राला विचारलं. तो लगेच तयार झाला.

"ने की. पण पंप मी मारनार. तिला कितीक हवा सोसती ते मला ठावं."

"पालखीच्या पुढं चालशील?"

"तुमच्या देवाशी मला काय करायचं न्हाई. मी बत्तीसंगं चालंन. ही कुनाच्या हातनं उठली, एवढं गावानं बघावं. बास."

त्याने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी हो म्हणालो.

यात्रेच्या चार दिवस आधी मी बत्ती घेऊन गावी गेलो. तो रजा मिळाली की येणार होता. आबांनी ओसरीवर बत्ती फिरवून फिरवून बघितली, खूश झाले. मग उलटी केली.

"ही खूण आमच्या स्टोव्हखाली बी हाय."

"व्हय. त्यानंच केलीय टाकी."

आबांनी बत्ती खाली ठेवली. ते दुष्ट नव्हते. पायरीवर बसलेल्या भिकाऱ्याला आपल्या पानातली भाकरी देणारा माणूस.

"स्टोव्हचं येगळं, पालखीचं येगळं," ते म्हणाले. "मला काय न्हाई त्याचं. पर चार लोकं बघत्यात. तेवढी खूण दिसली न्हाई पायजे. आन तू केलीस म्हनावं."

"तो येनार हाय, आबा. पंप माराय."

"मग त्याला सांग, नगं येऊ. तुजा दोस्त हाय ना? दोस्ताला सांगाय काय जड?"

मी "बरं" म्हणालो. एवढंच. आत चुलती त्याच ठिपक्यांच्या स्टोव्हवर आमच्यासाठी चहा उकळत होती. स्टोव्हचा आवाज ओसरीपर्यंत येत होता आणि मी बरं म्हणालो.

दुपारी गोठ्यात बसून मी ठिपके घासले. पंचाचे ठिपके खोल असतात. पितळ बरंच खाल्ल्याशिवाय ते जात नाहीत. मी घासत राहिलो. मग चिंच लावून बूड लखलखीत केलं. हवा भरून बादलीत बुडवून बघायला हवं होतं, ते मला शिकवलेलं होतं. पण प्यायचं पाणी दोन कोसांवरून डोक्यावर येत होतं. बत्ती बुचकळायला बादलीभर पाणी कुठल्या तोंडाने मागू? दहा मिनिटं पेटवून बघितली, पेटली. त्याला निरोप मात्र पाठवला नाही. वाटलं, रजा मिळणार नाही त्याला. आपोआप टळेल.

दिवेलागणीला पालखी उठली. मी स्पिरिट पेटवलं, पंप मारला आणि जाळी पांढरीशुभ्र फुलली. सगळं देऊळ उजळलं. बायका "अगं बया" म्हणाल्या. आबा मोठ्याने म्हणाले, "आमच्या पोरानं नीट केली. फौजेची हाय, फौजेची!"

आणि शाळेच्या भिंतीशी तो उभा होता.

हातात पिशवी, अंगात इस्त्रीचा सदरा. त्याने आबांचं वाक्य ऐकलं. मग माझ्याकडे बघितलं. मी बत्तीकडे बघत राहिलो, जणू जाळीत काही अडकलंय.

तो पुढे आला नाही आणि परतही गेला नाही.

पालखी देवळातून निघून शाळेजवळ आली असेल. उजेड पिवळा पडायला लागला. मी आणखी पंप मारला. पुन्हा पिवळा. मी जोराने मारत सुटलो. मग बुडाखालून रॉकेलची धार लागली, ती पेटली आणि बत्ती धरणाऱ्याने भिऊन ती खाली टाकली. लोकांनी माती लोटली. पालखीच्या झुलीला हातभर डाग पडला. माणूस कुणी भाजलं नाही, हे नशीब.

धूर निवला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "त्यो बघा, भिंतीपाशी हुबा ऱ्हाऊन मज्जा बघतोय."

आबांनी मला विचारलं, सगळ्यांसमोर, "टाकी त्यानंच केल्ती ना रं?"

घटकाभरापूर्वी ती मी केली होती. आता ती त्याने केली होती.

मी म्हणालो, "व्हय."

तो हे ऐकण्याइतका जवळ होता. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ओढ्याच्या बाजूला निघून गेला. मागून कुणीतरी ओरडलं, "डाव साधला गड्यानं!"

आता जे लिहितो त्यावर विश्वास ठेवा. त्या क्षणी मला खरंच वाटलं की त्याने दगा दिला. डाग कच्चा ठेवला असेल, मुद्दाम नसेल तर निष्काळजीपणाने. मी संतापलो होतो. तीन महिने खपलो आणि गावासमोर माझं हसं झालं, असंच माझ्या मनात होतं. फसवला गेल्याचं दुःख किती खरं वाटतं, हे मी तेव्हा अनुभवलं. तीन दिवस मी त्या दुःखात अगदी सुखाने राहिलो.

चौथ्या दिवशी कारखान्यावर परतलो. तिथे पाणी होतं. टाकीत हवा भरून बादलीत बुडवली. बुडबुडे आले, एकामागून एक, माझ्या कानशीच्या ओरखड्यांच्या बरोबर मधून. भोवतीचं पितळ शाबूत होतं. मऊ डाग मात्र मी कागदाएवढा पातळ करून टाकला होता.

तो संध्याकाळी आपलं सामान न्यायला आला. पंच, हातोडी, डाग द्यायचं लोखंड. एकाही बत्तीला त्याने हात लावला नाही. दाराशी थांबला आणि उलट्या ठेवलेल्या बत्तीकडे बघून म्हणाला, "बुडाची खूण कुठं गेली?"

"कसली खूण?"

"बरं," तो म्हणाला आणि गेला. महिनाभरात कारखानाही सोडला.

गावात लोकांनी त्याच्याकडे स्टोव्ह नेणं बंद केलं. काहींनी त्वेषाने ठिपके घासून काढले. माझ्या चुलतीने मात्र काढू दिले नाहीत. "चांगला पेटतोय मेला, कशाला घासता?" म्हणाली. ओसरीवरून आबा ओरडले तर आतून उत्तर आलं, "मंग सयपाक तुमीच करा."

वर्षभराने मला कळलं की त्याने भिंगारमध्ये स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान टाकलंय. मी बत्ती फडक्यात बांधून गेलो. एस.टी.त सगळं पाठ केलं होतं. आधी माफी, मग कानस, मग "व्हय".

तो फळीवर मांडी घालून बसला होता. मला बघून हातातलं काम थांबवलं नाही.

"काय काम हाय, साहेब?"

त्या "साहेब"ने माझं पाठांतर गेलं. मी बत्ती पुढे केली. "गळती."

त्याने ती उलटी केली. अंगठा थेट त्या जागी गेला.

"हिच्यावर खूण न्हाई. बिनखुणेच्या टाकीला आमी हवा भरत न्हाई."

"का?"

"डाग कुठं दिलाय, कसं कळनार? मागच्या कारागिरानं सांगून ठेवायचं आसतं, की बाबा हितं जपून, हितं कानस लावू नगं. ठिपके त्यासाटनं आसत्यात. नावासाटनं न्हाई, साहेब."

शेजारी कुणाचा तरी स्टोव्ह भणभणत होता. मग त्याने विचारलं, अगदी शांतपणे, "कुनी घासली आसंल?"

त्याने दार उघडून धरलं होतं. मी फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

मी म्हणालो, "काय की. जुन्या मालात अशीच मिळाली."

त्याच्याच मांडीवर बसून श्रीगोंद्याला आलेल्या बत्तीबद्दल मी हे त्याला सांगत होतो.

"आसंल," तो म्हणाला. फडकं नीट चारी टोकांनी बांधून त्याने ती माझ्या हातात दिली. "जपून न्या."

त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही. दुकान आता तिथे नाही. शेजारच्याला विचारलं तर तो म्हणाला, पुण्याकडे गेले, फार दिवस झाले. पत्ता कुणाकडे नाही. आबाही गेले.

काल बायकोला बसवून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि इतकी वर्षं मी त्याला शिव्या देत होते." उठून आत गेली. आज सकाळपासून माझ्याशी कामापुरतं बोलते आहे.

दुपारी जुना पंच शोधून काढला. बत्ती उलटी ठेवली, हातोडी उचलली आणि परत ठेवली. ते ठिपके माझ्या हाताने ठोकायचे नाहीत. कागदाच्या एका पट्टीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं: "इथे डाग आहे. खूण मी घासली. हवा भरू नये." खाली माझं नाव घातलं आणि पट्टी टाकीच्या बुडाला चिकटवली.

जावई रविवारी येणार आहेत. त्यांच्यासमोर फडकं सोडून ती पट्टी आधी त्यांना वाचायला देईन.