दहीभात खाऊन निघालेली मुलगी

ती घटना आठवली नाही असा आठवडा निवृत्तीनंतर माझ्या वाट्याला आलेला नाही. कागदोपत्री तपास चांगला झाला, वरिष्ठांनी पाठही थोपटली. पण जे कागदावर आलंच नाही, ते आज लिहितो आहे.

म्हैसूरमधल्या एका ठाण्याचा मी निरीक्षक होतो. दुपारी रुग्णालयाच्या चौकीतून वर्दी आली. हनुवटीखालची चरबी काढून कातडी आवळून घ्यायला एक मुलगी खासगी क्लिनिकमध्ये गेली होती. मध्येच तिला उलटी झाली, श्वास अडकला, आणि मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत ती गेली. तिचा साखरपुडा तोंडावर होता. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला. शवविच्छेदनात श्वासनलिकेत भाताची शितं सापडली.

क्लिनिकचे डॉक्टर वकिलाला घेऊन आपणहून ठाण्यात आले. "सार, भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. आम्ही बजावून सांगितलं होतं. घरच्यांनी खाऊ घातलं आणि लपवलं. आम्ही काय करणार?"

मला ते लगेच पटलं. त्याला कारण होतं. ती मुलगी आमच्यातलीच, म्हैसूरच्या मराठी घरातली. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत शिपाई होते, आणि आमच्या घरांतून महत्त्वाच्या कामाला कोणी उपाशी पोटी निघत नाही. परीक्षा असो, कोर्ट असो, आई दहीभात खाऊ घालणारच. माझ्या वडिलांच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना आईने त्यांना असाच दहीभात भरवला होता. ते ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं आणि आम्ही वर्षानुवर्षं त्यावरून तिची थट्टा केली.

जबाबासाठी मुलीची आई आली. नजरबादच्या एका गल्लीत राहणारी, शिवणकाम करणारी विधवा बाई. सोबत दीर आणि दोन-तीन नातेवाईक.

"सकाळी मुलीला काय दिलंत?"

"दहीभात, सार."

"नको सांगितलेलं असताना?"

"अय्यो, नाही हो! डॉक्टरच म्हटले की, खाऊन या, नाहीतर गरगरतं. हनुवटीत नुसतं इंजेक्शन देतात म्हटले."

मी टेबलावर पेन आपटलं. "अक्का, आपल्या घरातल्या बायकांना मी ओळखत नाही का? खरं सांगा. तुमच्या दहीभातानं पोरगी गेली."

तिच्याआधी दीरच बोलला, "तरी मी सांगत होतो, हिला कुणाचं ऐकायची सवयच नाही." मी त्याला थांबवलं नाही. जबाबावर सही करताना त्या बाईने एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर एका माणसाने नाव न सांगता विचारलं, "भूल कोणती ठरली होती, हे तुम्ही विचारलंत का?"

"म्हणजे?"

"जागेपुरती बधिर करायची ठरली असेल, तर थोडं खाल्लेलं चालतं. गुंगी द्यायची असेल, तर पोट रिकामं लागतं आणि भूलतज्ज्ञ शेजारी उभा लागतो. मी भूलतज्ज्ञ आहे, सार. बोलावतील त्या दवाखान्यात जातो. मी नंजनगूडला एका ऑपरेशनमध्ये होतो. ती निळी पडल्यावर मला फोन आला. आता ते माझं नाव पुढे करतील."

पोलिसाने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा होता. मी आईला विचारलं, क्लिनिकला विचारलं नाही.

ते क्लिनिक आम्ही बंद केलं होतं, पण त्याच डॉक्टरांची गोकुलममधली शाखा चालू होती. मी आमच्या महिला हवालदाराला बोलावलं आणि तिथे गिऱ्हाईक म्हणून फोन करायला सांगितलं.

ती कन्नडमध्ये म्हणाली, "सार, फोनवर कशाला? माझी हनुवटी दाखवते, बघताक्षणीच खात्री पटेल त्यांची."

पंचांसमोर स्पीकर आणि रेकॉर्डिंग चालू केलं. हवालदाराने विचारलं, "मॅडम, मी किती वाजल्यापासून उपाशी राहू?"

पलीकडून क्लिनिकची रिसेप्शनिस्ट हसत म्हणाली, "उपाशी कशाला? आमच्याकडे सगळं लोकलमध्येच, तेवढी जागा बधिर करून होतं. नाश्ता करून या, नाहीतर चक्कर येते. आम्ही सगळ्यांना हेच सांगतो."

मुलीची आई जे म्हणाली होती, तेच हे होतं.

डॉक्टरांना पुन्हा बोलावलं. रेकॉर्डिंग ऐकल्यावर त्यांनी वकिलाकडे पाहिलं. वकील खिडकीबाहेर पाहत होते.

"लोकलच ठरलं होतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "चरबी नीट निघाली. कातडी आवळायचं यंत्र आत गरम होतं, ते तिला सोसेना. थांबा म्हणाली. साखरपुडा जवळ आलेला, पुन्हा कधी येणार? म्हणून मीच शिरेतून थोडं गुंगीचं औषध दिलं. तेवढ्यावर भागेना, म्हणून आणखी दिलं."

"तिने काय खाल्लंय, हे औषध देण्याआधी विचारलंत?"

"नाही."

"तिच्या श्वासाकडे कोण बघत होतं?"

त्याचं उत्तर पुढे वैद्यकीय मंडळाने लिहिलं. भूल मध्येच बदलली, रुग्णाला विचारलं नाही, भूलतज्ज्ञ नव्हता. आरोपपत्र गेलं, शिक्षा झाली, अपील अजून चालू आहे.

मी समजत होतो की त्या आईचं ओझं आरोपपत्राने उतरलं. गल्लीत मात्र माझंच वाक्य फिरत राहिलं. पोलिसाच्या तोंडून निघालेलं, शिवाय आपल्यातल्याच माणसाचं, म्हणून लोकांनी ते खरं मानलं. दिराच्या घरी लग्न निघालं, तेव्हा तिला स्वयंपाकाला हात लावू दिला नाही, असं माझ्या बायकोने ऐकलं.

मागच्या महिन्यात मी तिच्या घरी गेलो. ती मशीनवर ब्लाऊज शिवत होती. मी म्हणालो, "अक्का, चूक तुमची नव्हती. मी कोर्टात तसं सांगितलंय."

"सांगितलंत, ठाऊक आहे की." तिने चाक थांबवलं. "कोर्टात कोण आलं होतं ऐकायला? ते बोललात ते चार माणसांसमोर बोललात, सार. हे एकटीला सांगायला आलात."

निघताना सवयीने मी उंबऱ्याशी जरा थांबलो. आमच्या घरांत जाणाऱ्याच्या हातावर निदान चमचाभर दही तरी ठेवतात. तिच्या ते लक्षात आलं.

"दही नाही घरात," ती म्हणाली. "तेव्हापासून लावतच नाही."

नोकरीत मी खोटं बोलणारी माणसं खूप पाहिली. त्यांच्यामुळे तपास चुकला नाही. तो चुकला, कारण समोरच्या बाईला मी आधीच ओळखतो असं मला वाटलं. आपल्या माणसाचा जबाब परक्याच्या जबाबासारखा ऐकावा, मधे आपली आई, आपलं घर येऊ देऊ नये, हे मी त्या टेबलावर शिकलो. किंमत दुसऱ्या कोणी दिली.

ती चार माणसं आणि त्यांच्याकडून ऐकणारे सगळे आज हे वाचतील अशी आशा आहे. म्हणून त्यांच्यासमोर माझा जबाब देतो: त्या आईला खाऊन या असं सांगितलं होतं. तिने सांगितल्याप्रमाणे केलं. तिच्या हातचा भात निर्दोष होता.